साडेचारला उठवा

हॉटेल उघडायला आठ दिवस राहिले होते आणि मॅनेजरच्या डोक्यात एक कल्पना आली. खरे पाहुणे येण्याआधी आपल्याच माणसांना पाहुणं करून बघायचं. रोज दहा जणांनी कामाचे कपडे काढून ठेवायचे, एकेक खोली घ्यायची, दिवसभर गिऱ्हाइकासारखं राहायचं आणि संध्याकाळी फॉर्म भरून द्यायचा. बाकीच्यांनी त्यांची सरबराई करायची. ओळख दाखवायची नाही, अरेतुरे करायचं नाही, सर नाहीतर मॅडम. ज्याच्या नावावर तीन चुका लागतील त्याला उद्घाटनाआधीच नारळ. मॅनेजर एरवी उंटावरचा शहाणा, पण ही कल्पना काही अगदीच वाईट नव्हती.

चौथ्या दिवशीच्या यादीत ताईचा नंबर लागला.

ताई म्हणजे तळघरातल्या धुलाई खात्यातली इस्त्रीवाली. वय चोपन्न. तिला सगळेच ताई म्हणायचे. लिफ्टवाला म्हणायचा, आचारी म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला माळीसुद्धा म्हणायचा. अख्ख्या हॉटेलात तिला ताई न म्हणणारी एकच बाई होती, आणि ती तिची सख्खी धाकटी बहीण.

धाकटी टेलिफोन ऑपरेटर. रिसेप्शनच्या मागे काचेची एक खोली होती, तिथं कानाला यंत्र लावून बसायची. खरं तर ताई इथं आली ती तिच्याचसाठी. बहीण या हॉटेलात लागली असं कानावर आलं, तशी तिने आधीची बरी चाललेली नोकरी सोडली आणि इथं अर्ज टाकला. एका छपराखाली आलो की बोलेल कधीतरी, असा हिशोब. कसलं काय! धाकटीने पहिल्याच आठवड्यात ताईच्या जेवणाची वेळ बघून घेतली आणि स्वतःची बदलून टाकली. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून बहिणी-बहिणींत अक्षर नव्हतं.

तर त्या दिवशी ताई ठेवणीतली साडी नेसून, हातात पिशवी घेऊन, पुढच्या दारातून आत आली. त्या दाराने ती प्रथमच येत होती. लिफ्टमध्ये तिने सवयीने विचारलं, "काय रे, पोरीचा ताप उतरला का?"

लिफ्टवाल्याने कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "आपला अकरावा मजला आला, मॅडम."

झालं. ताई पिशवी सावरून बाहेर पडली.

खोली म्हणजे काय विचारता. पडदे बटणाने उघडत होते, नळ हात पुढे केला की वाहत होते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण इथं अंथरूणच एवढं की चौघी बायका पाय पसरून झोपल्या असत्या आणि एकीचा पाय दुसरीला लागला नसता. ताई त्याच्या कडेला टेकली. चादरीवरून हात फिरवला आणि तिला कळलं की ही आपल्याच हातची. कोपऱ्याची घडी तिच्यासारखी तिथं दुसरं कुणी घालत नव्हतं. उशीच्या अभ्र्याला मात्र एक चुणी होती. तिने कपाट उघडलं, आत इस्त्री सापडली, अभ्रा काढला आणि इस्त्री करून परत चढवला. पाहुणी म्हणून आली आणि पहिलं काम काय केलं, तर इस्त्री. जित्याची खोड, दुसरं काय. पण खरं सांगायचं तर त्या दिवसातली तिची तेवढीच पाच मिनिटं सुखाची गेली.

मग करायला काही उरलं नाही. खिडकीखाली रस्त्यावर गाड्या जात होत्या, पण काच इतकी जाड की आवाज म्हणून आत येत नव्हता. तळघरात दिवसभर यंत्रांची घरघर, बायकांची बडबड. तिथं ताईला कधी एकटं वाटलं नव्हतं. इथं तिला स्वतःच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. घरी तरी कोण होतं म्हणा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि आई गेल्यापासून धाकटीने वेगळी खोली घेतलेली. रोज संध्याकाळी कुलूप काढताना तिला जे वाटायचं, तेच इथं भर दुपारी वाटायला लागलं.

एक वाजता वेटर जेवण घेऊन आला. हाच वेटर रोज तळघरात येऊन तिच्या डब्यातले चार घास खाऊन जायचा. त्याने ताटावरची झाकणं काढली, रुमाल पसरला.

"बस रे, दोन घास खा. मला एकटीला एवढं संपणार आहे का?"

"नाही मॅडम, नियम आहे." तो ओशाळला. "आपल्याला अजून काही हवं का?"

"नको. मला काही नको."

हे वाक्य ताईच्या तोंडात बसलेलंच होतं. तिने आयुष्यात कुणाला दुसरं उत्तर दिलं असेल तर शपथ.

जेवण झालं आणि तिने यादी पुढे घेतली. नऊ गोष्टी करून बघायच्या होत्या. सहांवर तिने खुणा केल्या. सातवीपाशी ती सकाळपासून अडून बसली होती. 'दुपारी विश्रांती घ्या. शून्य दाबून ऑपरेटरला ठरावीक वेळी उठवायला सांगा. आपल्या हॉटेलात पाहुण्याला यंत्र नाही, माणूस उठवतं.'

माणूस म्हणजे कोण, ते ताईला ठाऊक होतं. आणि नऊ गोष्टींत नेमकी हीच असावी, हा नशिबाचाच टोमणा म्हणायचा.

कारण दोघींत जे बिनसलं होतं ते 'उठव' या एका शब्दावरून. आई शेवटच्या आजारात दोन दिवस डोळे मिटून पडली होती. दोन्ही रात्री धाकटी तिच्या उशाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती भेंडाळली, तेव्हा ताई म्हणाली, "जा, आत जाऊन पड जरा." धाकटीने जाताना तीनदा बजावलं, "आईने डोळे उघडले की मला उठव. काही झालं तरी उठव." ताई हो म्हणाली. साडेचारला आईने डोळे उघडले. चार चाळीसला ती गेली. ताईने धाकटीला उठवलं ते त्यानंतर.

"दमली होती पोर, म्हटलं दहा मिनिटं झोपू दे," असं ताई सगळ्यांना सांगत राहिली. सगळ्यांना पटलं. धाकटीला नाही पटलं. आणि खरं सांगायचं तर ताईलाही नाही. त्या दहा मिनिटांत काय झालं, ते दोन वर्षं एकट्या ताईला माहीत होतं. आज नाही बोललो तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे तिला कळत होतं. पाहुणीचा फोन ऑपरेटरला तोडता येत नाही. उद्यापासून ती परत इस्त्रीवाली.

तिने शून्य दाबलं.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?"

आवाज तोच, पण कडक खळ घातल्यासारखा. ताई आयत्या वेळी घाबरली. एवढं मनात जुळवलेलं, पण सगळं पळालं.

"मला... ते झोपेतून उठवायचं असतं ना, त्यासाठी."

"जरूर, मॅडम. किती वाजता?"

"साडेचारला."

तोंडातून निघून गेलं आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. दिवसात चोवीस तास असतात, आणि बाईला हीच वेळ सापडली.

"साडेचार," धाकटी म्हणाली. "ठीक आहे. आपल्याला उठवलं जाईल."

फोन बंद झाला.

ताई आडवी झाली, पण झोप कसली येते. चार वाजले, सव्वाचार वाजले. साडेचारला ती उठून बसली आणि फोनकडे बघत राहिली. फोन वाजला नाही. चार एकतीस. चार बत्तीस. विसरली असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, पण धाकटी विसरणाऱ्यांतली नव्हती. चार पस्तीसला तिच्या लख्ख ध्यानात आलं. ती उठवणार नाही. मी तिला उठवलं नाही, ती मला उठवणार नाही. फिटंफाट. पाच मिनिटं किती मोठी असतात हे ताईला तेव्हा कळलं. तिला रडू आलं, आणि त्या खोलीत ते बघायलाही कुणी नव्हतं.

चार चाळीसला फोन वाजला.

"नमस्कार मॅडम. चार वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत."

"साडेचारला सांगितलं होतं," ताई कसंबसं बोलली.

"हो. दहा मिनिटं उशीर झाला." आवाजातली खळ उतरली होती. "कशी गेली दहा मिनिटं?"

"मी जागीच होते. वाट बघत."

"मी जागी नव्हते," धाकटी म्हणाली. "मी तुझ्या भरवशावर झोपले होते."

आता ताईने डोळे मिटून घेतले. "तू दमली होतीस म्हणून नाही उठवलं, असं मी सांगत आले. ते खोटं आहे. मला आई एकटीला हवी होती. तू शेंडेफळ, जन्मभर ती तुझीच होती. म्हटलं, दहा मिनिटं माझी होऊ दे. मग उठवते."

धाकटीने फोन ठेवला नाही.

"पण नाही झाली गं माझी. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'चिमणे, आलीस?' ती मला तूच समजली. मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? मग ती जे बोलली ते तुझ्याशी बोलली. दोन वर्षं तुझा निरोप माझ्याकडे पडून आहे."

"काय म्हणाली?"

"ते माझ्या तोंडाने कसं सांगू? तुला वाटेल, मीच रचलं."

"ताई. सांग."

दोन वर्षांत पहिल्यांदा. ताईने पदराने तोंड पुसलं.

"म्हणाली, 'चिमणे, माझ्यामागं ताईकडे बघ. ती कुणाकडे काही मागत नाही. तिला आपणहून द्यावं लागतं.'"

पलीकडे दुसरी लाइन किणकिणायला लागली. "लाइनवर थांबा, मॅडम," धाकटी घाईने म्हणाली आणि फोनमध्ये बासरी वाजायला लागली. ताई थांबली. बासरी संपून पुन्हा सुरू झाली, तरी ती फोन कानाला लावून बसून राहिली. तिला वाटलं, ही आता परत येत नाही.

मग बासरी थांबली. धाकटीचं नाक चोंदलेलं होतं.

"चहा घेतलास का?"

"नको. मला काही..." ताई मध्येच थांबली.

"पाठवते," धाकटी म्हणाली. "आणि फॉर्ममध्ये काय ते खरं लिही. माझ्या नावावर आधीच दोन चुका लागल्यात." आणि तिने फोन ठेवला.

दहा मिनिटांनी वेटर चहा घेऊन आला. "ऑपरेटरनी सांगितलंय, मॅडम. साखर दोन चमचे, आणि खाली बशी हवीच."

तो गेल्यावर ताईने चहा बशीत ओतला. खोलीत अजूनही कसला आवाज नव्हता, आणि खाली उतरल्यावर काय होईल हे तिला माहीत नव्हतं. धाकटी काचेतून बघेल की मान फिरवेल, कुणी सांगावं. तिने फॉर्म पुढे ओढला. मघाशी तिने ठरवलं होतं की आजपासून पुन्हा खोटं बोलायचं नाही. सातव्या रकान्यात विचारलं होतं, 'उठवण्याचा फोन किती वाजता आला?'

ताईने पेन उघडलं आणि तिच्या जाड अक्षरात लिहिलं, 'साडेचारला. वेळेवर.'