एकाने थांबायचं

"पण ही तिसरी छोटी डिस्क कशाला?" पडद्यावरच्या आकृतीकडे पेन रोखत साहेबांनी विचारलं.

तिने खुर्चीत पाठ सरळ केली. कित्येक वर्षं ती सर्व्हरच्या सामाईक स्टोरेजचे आराखडे करत होती, आणि कात्री लागायची ती दरवेळी नेमकी या डिस्कलाच. काम एका बँकेचं होतं. दोन सर्व्हर, दोघांत मिळून डिस्कचं एकच कपाट. एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं.

"दोघं एकमेकांना सतत सांगत असतात, मी आहे म्हणून," ती म्हणाली. "मधली तार तुटली की दोघंही धडधाकट असतात, पण प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला. मग दोघंही एकाच जागी लिहायला लागतात आणि सगळ्याचा चुथडा होतो. ही डिस्क कौल देते. ज्याला कौल मिळेल तो चालू राहतो, दुसरा आपणहून बंद होतो."

दोन बायका, फजिती ऐका, असं बैठकीतलं कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसली, पोटासाठी माणूस याहून वाईट विनोदांना हसतो.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. धाकट्या भावाचा होता. आई गेल्यापासून त्याने तिला एकदाही फोन केला नव्हता, म्हणून ती बाहेर येऊन बोलली.

"काल संध्याकाळी बाबांना साखरेची गोळी तू दिली होतीस?"

"हो. का?"

"मीही दिली." मग इस्पितळाचा पत्ता सांगून त्याने फोन ठेवला.

आजारी आईला कोणत्या इस्पितळात न्यायचं यावरून दोघांचं वाजलं होतं, आणि आई गेल्यावर प्रत्येकाने मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी ठरवून टाकलं होतं. बाबांचं मात्र दोघंही करायची, अगदी अहमहमिकेने. मध्ये बाबांकडे कामाला असलेल्या मावशी होत्या. ताईंनी औषध दिलंय, दादा जेवण ठेवून गेलेत, असं त्या इकडचं तिकडे सांगायच्या, म्हणून सगळं निभत होतं. परवा मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. काल ती गोळी देऊन जिना उतरत होती आणि भाऊ चढत होता. दोघांनी भिंतीकडे बघितलं. एक शब्द बोलायला तोंड काही दुखलं नसतं.

ती पोचली तेव्हा बाबांना सलाइन लावलेलं होतं. साखर फार उतरली होती, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भाऊ बाहेर बाकावर बसला होता. शर्टाची बटणं एका काजाने चुकली होती.

"मी विचारलं होतं त्यांना," तो म्हणाला. "नाही घेतली म्हणाले."

"त्यांच्या लक्षात राहत नाही."

"माहितीय मला."

तिला स्वतःची लाज वाटली. हेच होऊ नये म्हणून ती दर महिन्याला पगार घेत होती. भांडायला तोंड उघडलं होतं, पण इतका थकवा आला की भांडणही नको झालं.

"आपल्याला रोज बोलणं जमायचं नाही," ती म्हणाली. "आज जमेल, उद्या जमेल, मग पुन्हा काहीतरी निघेल. एकानेच करावं. तू कर. तू जवळ राहतोस."

"आणि तू, ताई?"

"मी थांबते. घरी आले की मला करावंसं वाटणारच."

 तो बाकावर जरा सरकला. ती शेजारी बसली.

बाबा घरी गेल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. ती जेवणाचं ताट बाजूला सारून बसली होती. साहेबांनी छोटी डिस्क मंजूर केली होती, पण त्याचा आनंद व्हायला अंगात त्राण नव्हतं.

"तुमचं भांडण मिटलं का गं?" बाबांनी विचारलं.

"मिटलं, बाबा."

"मग येत का नाहीस?"

जो बंद होतो तो हरलेला नसतो, असं ती ऑफिसातल्या नव्या मुलांना नेहमी सांगायची. बाबांना ते कसं सांगणार?

"काम वाढलंय."

"असू दे, असू दे. करणाऱ्यालाच काम सांगतात."

मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. मी गोळी घेतली का रे, असं ते विचारत होते.

"मघाशीच दिली, बाबा," भाऊ म्हणाला.

तिने ते ऐकलं, आणि बाबा पुन्हा फोनवर यायच्या आत फोन ठेवून दिला.