टेलरमास्तरांची कमान

वाचक बंधुभगिनींनो, घर सुधारण्याच्या हौसेपायी एका सरळमार्गी गृहस्थाच्या जिवाला केवढा घोर लागला, त्याचा वृत्तांत मी आपणांपुढे सादर करीत आहे. ज्यांच्या घरी उद्या गवंडी येणार असेल, त्यांनी तर तो आजच वाचावा!

आपले कथानायक व्यवसायाने शिंपी असून गल्लीत त्यांना सर्वजण टेलरमास्तर म्हणत. त्यांचे घर जुन्या बांधणीचे, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतले. पुढची व आतली खोली यांच्यामध्ये विटांची सुबक कमान होती. एके दिवशी मेहुण्याने तिच्याकडे पाहून नाक मुरडले.

"दाजी, किती जुनाट हे! उडवा ती कमान, मोठा हॉल करा. आलेला माणूस बघतच राहिला पाहिजे!"

झाले! मास्तरांच्या डोक्यात हॉल शिरला. गवंडी म्हणाला, "आधी इंजिनिअरला दाखवू या का?"

"अरे, इंजिनिअर बांधायला लागतो. पाडायला कशाला?" मास्तर हसून म्हणाले.

कमानीच्या एका बाजूच्या विटा निघाल्या, तोच शेजारच्या काकू धापा टाकीत आल्या.

"मास्तर, हातोडा थांबवा! आमच्या भिंतीला चीर गेली हो! ह्यांची खाट तिथंच आहे!"

काका पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले होते. मास्तर धावत गेले. चीर खाटेच्या वरून थेट छताला भिडली होती आणि काकांच्या उशीवर चुना सांडला होता. काकांना ना बोलता येत होते, ना कूस बदलता येत होती. ते नुसते वर पाहत होते. ती नजर पाहताच मास्तरांनी खाट उचलायला हात घातला! सर्वांनी मिळून खाट मागच्या खोलीत नेली. गवंड्याने कमानीखाली लाकडी टेकू ठोकले.

"एवढं काय घाबरायचं?" मेहुणा म्हणाला. "चिरेत सिमेंट भरा, वरून रंग मारा. कुणाला कळतंय!"

"तू जरा गप्प बस!" मास्तरांची पत्नी कडाडली. मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, कुणी जुना कोट अल्टर करायला आणला, तर तुम्ही आधी काय करता?"

"उलटा करून बघतो. कोणती शिवण कुठं गेलीय ते."

"आणि घर उलटं करता येत नाही, म्हणून सरळ कात्री लावलीत?"

मास्तर टेकू चाचपू लागले, पण पत्नी थांबली नाही.

"मला का नवं नकोय? ओट्यापाशी अंधार असतो, नळ गळतो, बटण दाबताना जीव मुठीत धरावा लागतो. ते सुधारा की! पण हॉल कुणासाठी? चहा पिऊन जाणाऱ्या पाहुण्यासाठी?"

शेवटी इंजिनिअरबाईंना पाचारण करण्यात आले. त्यांनी स्पष्ट सांगितले, "ही घरं एकमेकांच्या आधारानं उभी आहेत. कमान तुमच्या घरात असली, तरी तिचा भार काकूंच्या भिंतीवर आहे. ती होती तशीच पुन्हा बांधा." नंतर त्यांनी चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. "काच तडकली, तर भिंत अजून सरकतेय असं समजा. मग दोन्ही घरं रिकामी करावी लागतील."

त्यानंतर मास्तरांचे कामात लक्ष लागेना. त्यांनी एका सदऱ्याची डावी बाही उजवीकडे जोडली. गिऱ्हाईक सोडून ते सारखे काकूंच्या दारात जात. "काकू, काच?" "आहे हो, आहे." पुन्हा थोड्या वेळाने, "काकू, काच?"

गवंड्याने त्याच विटा साफ करून, चुन्यात बसवून कमान पूर्ववत केली. टेकू काढताना मास्तरांनी डोळे गच्च मिटले. पलीकडून काकूंचा आवाज आला, "शाबूत आहे!"

पुढे इंजिनिअरबाईंनी भिंत तपासून चीर बुजवून घेतली व खाट परत आणण्यास हरकत नाही असे सांगितले. पण काकू अडून बसल्या.

"आधी तुम्ही बसा त्या भिंतीशी. मग ह्यांना आणते."

मास्तर खाली बसले. भिंतीला पाठ टेकवून त्यांनी वर बुजवलेल्या चिरेकडे पाहिले, परंतु ते उठले नाहीत. घटकाभर त्यांच्याकडे पाहून काकू म्हणाल्या, "या, खाटेला हात लावा."

बंधुभगिनींनो, घर अवश्य सुधारावे! नवे नळ, नव्या तारा, नवा उजेड जरूर आणावा. परंतु जुन्या घराची बांधणी समजून घेतल्यावाचून तिच्यावर घाव घालू नये. आपल्या हौसेचा भार शेजाऱ्याच्या उशाशी पडता कामा नये, हाच या कथेचा बोध होय.

वेळात वेळ काढून वाचल्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
अण्णा टंकलेखक