स्टेशनच्या पुलावर श्रीलंका

"बूट हायेत का पायाला बांधलेल्या इटा," आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, लक्ष्मीबाई. वय अडुसष्ट, आणि पांढऱ्या साडीखाली नवेकोरे स्पोर्ट शूज.

पेडगावच्या आमच्या विहारातल्या दहा बाया फेब्रुवारीत श्रीलंकेला जाणार होत्या. संघमित्रेनं नेलेल्या बोधीच्या फांदीचा वृक्ष बघायचा, कँडीत ढोलावरचा नाच, चहाच्या मळ्यांतून पायी फिरायचं, आणि शेवटी श्रीपाद डोंगर. साडेपाच हजार पायऱ्या. वर बुद्धाचं पाऊल, आणि ढग म्हणे आपल्या पायाखाली. मी उभ्या जन्मात घराच्या माळवदाहून उंच चढले नव्हते. पासपोर्ट आल्यापासून मला भाकरी थापतानाही ढगच दिसायचे.

आमच्याकडं चढायला बांधाशिवाय काही नाही. म्हणून सहल ठरवणाऱ्या सिद्धोधन सरांनी परभणी स्टेशनचा पूल हुडकला. बेचाळीस पायऱ्या. दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायचं आणि चढ-उतार करायची. पहिल्याच रविवारी 'अर्धा डोंगर झाला' म्हणून आम्ही खुशीत भजी खाल्ली. उतरलेल्या पायऱ्याही आम्ही चढलेल्यांत धरल्या होत्या. सरांनी कपाळाला हात लावला, तर आमच्यातली धम्मशीला म्हणाली, "पाय तर आमचेच हलले की सर."

फलाटावर शेळी घेऊन बसलेल्या एका मामांना राहवलं नाही. "माय, गाडी कोणती पायजे तुमाला? ह्या फलाटावर तरी थांबा न्हाईतर त्या."

"आमी विमानानं जायलोत मामा," धम्मशीला वरून ओरडली, आणि सगळ्या हसत सुटल्या.

सरांनी जोड्या लावल्या होत्या. एक म्हातारी, एक तरणी. नियम एकच, जोडी सुटायची नाही. एक बसली की दुसरीनं बसायचं. माझी जोडी अर्थात आत्याबाई. त्या दर खेपेला अकराव्या पायरीवर टेकायच्या.

"बुटात खडा गेला बाई."

"खडे लय झालेत आजकाल," बाकीच्या म्हणायच्या आणि बाजूनं वर जायच्या. आत्याबाई बूट झटकायच्या. त्यातून काहीच पडायचं नाही. मी शेजारी बसून त्यांचा श्वास खाली बसायची वाट बघायचे. चार रविवार झाले, त्या पुलावरून पलीकडचा फलाट कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं.

पाचव्या रविवारी सर कागद घेऊन आले. "तिकडच्या गाइडला आजच कळवायचंय. वर किती जाणार, पायथ्याला किती थांबणार."

धम्मशीलानं उगाच पदर नीट केला. सर पेनचं टोपण काढून परत लावायला लागले.

"लिव्हा की," आत्याबाई अकराव्या पायरीवरून म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "आमी दोघी वर. हळूहळू जाऊ, बसत-उठत. बबिता हाय की माझ्यासंगं."

"लय गुणाची सून हाय," कुणीतरी घाईनं म्हणालं. सरांनी पेन टेकवलं.

"थांबा सर," मी म्हणाले. माझा हात आत्याबाईंच्या गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला. "आत्याबाई, तुमाला न्हाई चढता यायचं. आन् मला वर जायचंय."