नूतनबाईचा अंगठा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. पत्र्याची, गोल, चपटी, कडेला पोचा आलेली. माझ्या पोटात अंगाला लावायचा बाम असतो. डोकं दुखलं की कपाळाला चोळतात तो झोंबणारा नव्हे, तर कोरडी, फुटलेली कातडी मऊ करणारा. स्वभाव विचाराल तर मी भारी उतावळी. एका जागी गप बसणं मला कधी जमलंच नाही.

गडचिरोलीच्या रानातल्या एका गावात माझं पोट भरलं. तिथे बुधरीबाई आणि तिच्या सोबतिणी मोहाच्या बिया वेचतात. त्या बियांना टोळी म्हणतात. टोळी फोडायची, वाळवायची, घाण्यातून तेल काढायचं, त्यात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवायचं. ते ऊनऊन मिश्रण माझ्यात ओतलं आणि काठावर आलेला थेंब बुधरीबाईने आपल्या कोपराला पुसला. काय मऊ कोपर होतं ते! आपणही कोणाचे तरी हात असे करायचे, आणि तेही लवकर, असं मी तेव्हाच ठरवलं.

कुठलं आलंय लवकर! मोहर्लीला, जंगलाच्या गेटाजवळच्या दुकानात, मी दोन महिने पडून होते. वाघ बघायला आलेले लोक मला उचलायचे, हुंगायचे आणि टोपी घेऊन निघून जायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शेवटी संघप्रिया नावाच्या मुलीने मला घेतलं. ती चंद्रपूरला नर्सिंग शिकते. तिने मला घेतलं ते आपल्या आईसाठी.

तिची आई म्हणजे नूतनबाई. घुग्घुसला सिमेंटच्या गोदामात ती झाडलोट करते. संघप्रिया रविवारी घरी आली, तिने मला आईच्या हातावर ठेवलं, आणि बस चुकेल म्हणून तशीच पळाली. जाता जाता एवढंच म्हणाली की रोज हाताला लावत जा. कसं लावायचं, ते सांगायचं राहूनच गेलं. घोडं अडलं ते तिथेच.

नूतनबाईचा हात लागला. असा हात मी पाहिला नव्हता. सिमेंटने अंगठ्यावरच्या रेघा झिजवल्या होत्या आणि उरलेल्यांमधून भेगा गेल्या होत्या. गोदामात हजेरी अंगठ्याच्या मशीनवर लागते. थंडी सुरू झाल्यापासून मशीन तिचा अंगठा ओळखत नव्हतं. सुपरवायझर धनराजभाऊंनी साफ सांगितलं होतं की पंधरा दिवस वहीत सही चालेल, एक तारखेपासून ज्याचा अंगठा लागेल त्यालाच कामावर घेता येईल. ही गोष्ट तिने मुलीला सांगितलीच नव्हती. सांगितलं असतं तर पोरीने शिक्षण सोडून घर गाठलं असतं, याचीच तिला धास्ती होती.

म्हणजे मित्रांनो, माझ्याकडे फक्त पंधरा दिवस होते. आणि त्यातला पहिला आठवडा पार वाया गेला.

आमच्या घुग्घुसात शिफ्टवरून आलेली माणसं आधी अंगाला तेल चोळतात. त्याने चिकटलेली काळी-राखाडी धूळ सुटते. मग साबणाने धुतात. नूतनबाईने मलाही तसंच वापरलं. घरी आली की दोन बोटं भरून बाम काढायची, धुळीच्या हातांना चोळायची, आणि वर कपडे धुण्याच्या साबणाने खसाखसा घासायची. बुधरीबाईची सगळी मेहनत रोज मोरीतून वाहून जायची. हात आणखीच फुटले. अगं बाई, आधी हात धू, मग लाव, असं ओरडावंसं वाटायचं. पण डबीला कुठलं तोंड! मूग गिळून बसावं लागलं.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "काई कामाचं नाई हे." आणि तिने मला आरशाखालच्या फळीवर ठेवून दिलं.

घर रस्त्याला लागून होतं. ट्रक गेला की फळी थरथरायची आणि मी केसभर पुढे सरकायची. मीही मनात म्हणायची, येऊ दे अजून एक. दिवसभर मी काठाकडे सरकत होते. पडले तर फुटेन की काय ही भीती होती, पण एक तारीख येईल ही भीती त्याहून मोठी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, नूतनबाईची सुट्टी होती तेव्हा, एक भरलेला ट्रक गेला आणि मी धाडकन फरशीवर आदळले. हा पोचा तेव्हाचाच.

शेजारच्या बायनाबाई तेव्हा तांदूळ निवडत दारातच बसल्या होत्या. त्यांचं माहेर गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडचं, रानातलं. माझं झाकण उघडून घरंगळत त्यांच्या पायाशी गेलं. त्यांनी मला उचललं, हुंगलं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"टोळीचं तेल हाय हे," त्या म्हणाल्या. "तू काऊन फेकून राह्यली?"

नूतनबाईने सगळं सांगितलं. अंगठ्याचंही सांगितलं, आणि सांगताना ती रडली. बायनाबाईंनी कपाळावर हात मारला. मग तिला मोरीपाशी नेऊन साध्या अंघोळीच्या साबणाने आणि कोमट पाण्याने हात धुवायला लावले. ती पदराने हात कोरडे करायला लागली, तशी त्यांनी पदर ओढून घेतला.

"घासू नको. नुसतं टिप. हात वलसर हाय तवाच लावायचं, मंग पाणी आतच राह्यते."

हरभऱ्याएवढा बाम घेऊन त्यांनी तो तळव्यात चोळून ऊन केला आणि एकेका बोटावर, भेगेच्या बाजूने, दाबून दाबून जिरवला. एका भेगेतून रक्त येत होतं, ती त्यांनी सोडली आणि दवाखान्यात दाखवायला सांगितलं. झोपताना पुन्हा लावून हातात जुने सुती मोजे घालायचे, असंही बजावलं.

त्यानंतरचे सात दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. भेगा मिटत होत्या, पण रेघा? त्या दिसताहेत की नाही, हे मला कळत नव्हतं.

एक तारखेला तिने मला पिशवीत घेतलं. आणि उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मशीनसमोर रांगेत उभी असतानाच तिने आणखी एक बोट बाम अंगठ्याला फासला. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही तेच म्हणालं. माझा जीव टांगणीला लागला. धनराजभाऊंनी वहीवरून मान वर केली. मग नूतनबाईच्या लक्षात आलं, अंगठा बामाने ओशट झाला होता. तिने अंगठा पदराला स्वच्छ पुसला आणि हळूच टेकवला.

मशीन म्हणालं, थँक यू.

मला वाटलं, आता गरज सरो, वैद्य मरो. आपलं काम संपलं. पण तिच्या मागे गिरजाबाईचा अंगठा लागला नाही. तिच्या मागच्या तिघींचाही नाही. आपली हजेरी लागलेली नूतनबाई आत जायची सोडून परत फिरली.

"भाऊ, या चौघीयले बी आठ दिवस द्या. माझा अंगठा लागला, चौघीयचा बी लागन."

धनराजभाऊंनी तिच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी वही पुन्हा उघडली आणि चौघींना सह्या करायला सांगितलं.

संध्याकाळी गोदामाच्या नळावर चौघींनी हात धुतले. नूतनबाईने एकीचाही पदर हाताला लागू दिला नाही. त्या दिवशी मी तळापर्यंत रिकामी झाले. दोन महिने दुकानात पडून ज्यासाठी तडफडले, ते एका संध्याकाळी मिळालं.

मित्रांनो, आता मी त्याच नळाच्या कट्ट्यावर असते. संघप्रिया मोहर्लीहून बाम आणते आणि मला भरते. ट्रक गेला की मी अजूनही सरकते, पण कोणीतरी येऊन मला मागे ढकलतं. तुमच्या घरी माझ्यासारखी डबी असेल तर तिला फळीवर ठेवून विसरू नका. आज कामावरून कोणी घरी आलं, की पिशवीत काय आणलं ते नंतर बघा. आधी त्यांचे हात बघा.