पुराआधीचा एसा

ऑरव्हिल टान्सली बारा वर्षं घोड्यावरून गुरं हाकत हिंडला आणि गुडघा मोडल्यावर चित्रं काढायला बसला, असं गावात सांगत. त्याची बायको लेटी म्हणायची, हा घोड्यावर असतानाही चित्रंच काढायचा, गुरं आपली आपण चालायची.

त्या उन्हाळ्यात त्याने पावडर नावाची नदी रंगवली. पुरात शिरलेला गुरांचा कळप, आणि मधोमध घोड्यावरून निसटून वाहून चाललेला त्याचा जोडीदार, एसा प्रुएट. जुने गुराखी घरी येऊन चित्रातला एकेक घोडा नावानिशी ओळखायचे आणि एसापाशी आले की टोप्या काढायचे. मग रुळांकडेच्या जमिनी विकण्याच्या जाहिरातीसाठी चित्र विकत घ्यायला शिकागोहून रेल्वे कंपनीचा माणूस आला. चित्र त्याला फार आवडलं.

"फक्त तो बुडणारा पुसून टाका," तो म्हणाला. "हे बघून इकडे राहायला कोण येईल?"

ऑरव्हिलने नकार दिला. घरात पीठ संपत आलेलं. लेटीने आठवडाभर अबोला धरला.

सप्टेंबरात एसाची आई टेक्सासहून आली. कुणीतरी तिला चित्राबद्दल कळवलं होतं, आणि पोराचा एकही फोटो तिच्यापाशी नव्हता. ती चित्राला नाक लावून उभी राहिली. खेचराच्या लाथेने वाकडं झालेलं त्याचं नाक अगदी असंच होतं, म्हणाली. मग ती ऑरव्हिलकडे वळली.

"खोटं काही नाही यात. पण असा हा मला घरी नेववणार नाही. पाण्यात पडायच्या आधी पाहिलं होतंस ना रे त्याला?"

ऑरव्हिलने मोठ्या चित्राला हात लावला नाही. म्हातारीला ठेवून घेतलं आणि तीन दिवस स्वयंपाकघरात बसून खोक्याच्या एका फळीवर एसाला रंगवलं: गाडीच्या चाकाला टेकलेला, मांडीवर घेवड्याची थाळी, तोंडात घास आणि तरी हसतोय. लेटी चुलीपाशी उभी राहून बघत होती. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या शर्टाचं कुठलं बटण तुटलं होतं, तेही याच्या लक्षात होतं. इतके दिवस ती ज्याला हट्ट म्हणत होती, तो हट्ट नव्हताच.

म्हातारीला तिनेच गाडी जुंपून स्टेशनवर सोडलं. रंग ओला होता म्हणून म्हातारीने फळी वाटभर मांडीवर आडवी धरली होती.

घरी येताच लेटीने शिकागोला पत्र लिहिलं. चित्र हवं असेल तर एसासकट घ्या, पुसून मिळणार नाही. उत्तर काही आलं नाही.

ऑरव्हिल तोवर दुसरा कॅनव्हास ताणायला बसला होता. तिने खिळे त्याच्या हातात दिले.