बरणीतलं मूत्रपिंड

चंद्रव्वा शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती, तर आमच्या नर्सिंग कॉलेजातून तिचं नाव कटलं असतं. अक्कलकोटजवळच्या खेड्यातली पोर. लेखी पेपरात सत्तरच्या पुढे गुण आणि तोंडी परीक्षेत मात्र तोंडाला कुलूप. मी तिची शिक्षिका. सोलापुरात अकरा वर्षं हाच विषय शिकवतेय, आणि माझा पारा लवकर चढतो हे साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशीच तिला मी चांगलं फैलावर घेतलं होतं.

परीक्षक वेणीमाधव सर बाहेरगावचे, मवाळ बोलणारे. त्यांनी पहिली बरणी पुढे ओढली. आत उभं चिरलेलं मूत्रपिंड, बाहेर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: मानवी मूत्रपिंड. यातले पिरॅमिड मोजून दाखव, असं सर म्हणाले. पिरॅमिड म्हणजे आतले त्रिकोणी भाग. माणसात ते सात-आठ तरी असतातच.

चंद्रव्वानं बरणी फिरवून पाहिली आणि परत खाली ठेवली. आधी दोन्ही वेळा ती याच बरणीपाशी अडली होती आणि पुढे सगळंच बिनसलं होतं. मला राग आला. सरांनी पेन उचललं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली.

"सर, ह्यात मोजायला कायबी न्हाय. सलग एकच कड हाय. हे माणसाचं न्हाय, बकऱ्याचं हाय."

मी ताडकन उठले. अकरा वर्षांत शेकडो मुली हीच बरणी दाखवून पास झाल्यात, असं सुनावलं. सरांनी मला हातानंच बसवलं आणि कशावरून म्हणतेस, असं तिला विचारलं. तिच्या वडिलांचं, शिवप्पांचं, मटणाचं दुकान. आठव्या वर्षापासून ती तिथं बकऱ्याचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडंच, चिरत आली होती. पुस्तकातलं चित्र आणि बरणी शेजारी ठेवून बघा, एवढंच ती म्हणाली.

सरांनी पुस्तक उघडलं, बरणी उजेडात धरली. चित्रात आठ त्रिकोण, बरणीत एकही सुटा नाही. विकणाऱ्यानं पाठवलं तसं मी चिठ्ठी डकवून मोकळी झाले होते, आणि बाकीच्या मुली पाठ केलेला आकडा ठोकून देत होत्या.

मग काय, पोर सुटलीच. मूत्रपिंड रक्त कसं गाळतं, हृदय ते कसं ढकलतं, फुप्फुसं त्यात प्राणवायू कसा भरतात, खाल्लेली भाकरी आतड्यातून रक्तात कशी उतरते, मेंदू या सगळ्यांना कसा धाकात ठेवतो. सरांना मध्ये बोलायला फट मिळेना. पन्नासपैकी शेहेचाळीस गुण त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकले.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, आधीच का नाही बोललीस?

"चिठ्ठीवर अक्षर तुमचं हुतं, मॅडम. तुमी चुकलाय म्हणून कसं म्हणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या मुलींसमोर मी तिची माफी मागितली. यापुढे पहिल्या बाकावर बसायचं आणि माझं चुकलं की लगेच बोलायचं, असं बजावलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, तिथंही मीच शिकवते. तिनं मला भर वर्गात तीनदा अडवलंय. तिन्ही वेळा तीच बरोबर निघाली, आणि तिसऱ्यांदा तर टाळ्या मीच आधी वाजवल्या.