टोच्याबाबाची वेसण

"अगं, पाठ टेक जरा. पहाटेपासून उभी आहेस. खाट काय माझ्या एकट्याची आहे?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण नवऱ्यानं आपल्याला 'पाठ टेक' म्हटल्याचं म्हातारीला एकदाही आठवत नव्हतं. खरं तर तिथंच तिला डावाचा वास यायला हवा होता. पण दोन गाड्या बदलून, पिशव्या वाहून, खिडकीपुढच्या रांगांत उभी राहून तिचे पाय भरून आले होते. दवाखान्याच्या त्या पांढऱ्या खाटेवर ती आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली ती कुणीतरी दंडाला पट्टा आवळल्यानं.

"मूठ मिटा आजी, घट्ट," सिस्टर म्हणाली. तिच्या हातात सुई होती.

"अगं बाई, मी नव्हे! आजारी ते!" म्हातारी ताडकन उठली. "ते बघ, ते!"

'ते' दारापर्यंत पोचले होते. दोन्ही चपला हातात, चाल मांजराची, आणि मनगटावरची नावाची पट्टी सदऱ्याच्या बाहीत दडवलेली.

"तरी म्हटलं, कागदावर 'पुरुष' कसं लिहिलंय!" सिस्टर म्हणाली. ती नवी होती आणि घाईत होती.

शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता. त्याची सलाईन कधीच सुरू झाली होती. तो हसून हसून पडायच्या बेतात आला. "आजोबा, सुईला घाबरता? मी तर जन्मभर सुईवर पोट भरलं!"

"कपडा ओरडत नाही, म्हणून तुझं निभावलं," आजोबा दारातून म्हणाले.

"आणि बैल ओरडत नव्हते का?" म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. "अहो शिंपीदादा, यांना गावात टोच्याबाबा म्हणतात. दहा गावच्या बैलांची नाकं टोचून वेसणी घातल्यात यांनी. बोटाएवढा लोखंडी टोचा आरपार घालतात. आणि हे बघा, एवढीशी सुई पाहून पळतायत!"

"बैलाला विचारून टोचत नव्हतो मी. इथं आधी दाखवतात," टोच्याबाबा म्हणाले.

सगळे हसले. म्हातारीही हसली, पण तिची नजर टांगलेल्या बाटलीवर होती. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. आजोबांच्या पोटात गाठ आहे, पण वेळेत आलात. सहा वेळा औषध द्यायचं, सलाईनमधून. पहिली बाटली आज. आज टळली तर खाट दुसऱ्याला जाणार, आणि पुढचा नंबर महिन्यानं. गाठ काही महिनाभर हात जोडून बसणार नव्हती.

सिस्टरनं वॉर्डात वरकाम करणाऱ्या दोन मामांना हाक मारली. मामा दोन्ही बाजूंनी आले आणि त्यांनी टोच्याबाबांना खाटेवर बसवलं. एकानं दंड धरला, एकानं खांदा. टोच्याबाबांचे डोळे मोठे झाले, नाकपुड्या फुलल्या. बैलांचे असले डोळे म्हातारीनं अंगणात शंभरदा पाहिले होते. पुढचं पाऊल लाथेचं.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. "धरलं की बिथरतात. धरायचं नाही, गुंतवायचं."

हे वाक्य तिचं नव्हतं, टोच्याबाबांचंच होतं. बैलाला दावणीशी आवळणाऱ्या प्रत्येक मालकाला त्यांनी ते ऐकवलं होतं.

मामा बाजूला झाले. म्हातारी खाटेवर त्यांच्याजवळ बसली. सुईच्या बाजूच्या डोळ्यावर तिनं तळहात आडवा धरला. दुसऱ्या हातानं गळ्याखाली सावकाश खाजवायला लागली.

"हो राजा, हो..."

"हे काय लावलंयस? लोक बघतायत!"

"बघू दे. मला एक सांगा, तुम्हाला उकिरड्यात फेकलं तो बैल तांबडा होता ना?"

"तांबडा? काहीतरीच! कबरा होता. आणि फेकलं नाही, मीच उडी मारली."

"उताणी उडी?"

"अगं, घसरलो मी! आदल्या रात्री पाऊस झाला होता, चिखल हा एवढा. कबऱ्यानं शिंग फिरवलं, मी म्हटलं, आता याला..."

"झालं, आजोबा," सिस्टर म्हणाली.

"काय झालं?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. सुई बसली होती, वर पट्टी चिकटली होती, आणि नळीतून थेंब थेंब औषध उतरत होतं. शिंप्यानं पडल्या पडल्या टाळी वाजवायला हात उचलला, पण त्याचीच नळी ताणली आणि सिस्टर त्याच्यावर ओरडली.

टोच्याबाबांनी नळीतले दोन-चार थेंब मोजले. मग खाकरले.

"काम बरं केलंस. पण एक विसरलीस. वेसण घातल्यावर जनावराला मूठभर पेंड द्यायची असते."

म्हातारीनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि तोंड फिरवून फोडायला लागली. एवढासा पुडा, पण तिला तो बराच वेळ फुटेना.

"पुढच्या वेळीही हाच हात पाहिजे," मागून टोच्याबाबा म्हणाले.

सिस्टर खूश झाली. "माझीच ड्यूटी लावून घेते, आजोबा."

"तुझा नाही, पोरी," ते म्हणाले. "डोळ्यावरचा."